साठ लाखांची मर्सिडीज बारा लाखांत मिळते, पण दुरुस्तीचं बिल साठ लाखांच्या गाडीचंच का येतं?

जुन्या गाड्या विकणाऱ्या कुठल्याही वेबसाइटवर जा आणि बजेट दहा ते पंधरा लाख ठेवा. समोर दोन जातीच्या गाड्या येतील. एकीकडे दोन-चार वर्षं वापरलेली क्रेटा किंवा सेल्टोस, नाहीतर लाखभर किलोमीटर पळालेली इनोव्हा. दुसरीकडे त्याच पैशात दहा-बारा वर्षांची मर्सिडीज ई-क्लास, बीएमडब्ल्यू फाइव्ह सिरीज, ऑडी ए-सिक्स. फोटोत चकचकीत, आतून चामड्याच्या सीट, दार लावलं की बंगल्याचं दार लावल्यासारखा आवाज.

मग घरात ठरलेला संवाद होतो. मुलगा म्हणतो, "बाबा, क्रेटाच्या पैशात मर्सिडीज येतेय!" आणि बाबा म्हणतात, "अरे, हत्ती घेणं सोपं असतं, पोसणं अवघड."

बाबांचं म्हणणं बरोबर आहे. पण हा हत्ती एवढा का खातो, हे नीट कुणी सांगत नाही. "या गाड्या नाजूक असतात" किंवा "कंपनी लुटते" एवढ्यावर विषय संपतो. खरं तर या गाड्यांचं लोखंड, रंग, सीट, दारं अनेकदा आपल्या नेहमीच्या गाडीपेक्षा सरस असतात. बिघाड होतो तो वेगळ्याच ठिकाणी आणि वेगळ्याच कारणांनी. ती कारणं कळली, की फोटोतली गाडी जरा वेगळी दिसायला लागते.

आधी "भरवशाची गाडी" म्हणजे काय ते पाहू

अमेरिकेतली जे. डी. पॉवर ही संस्था दरवर्षी गाड्यांच्या भरवशाची पाहणी करते. बातम्यांमध्ये "सर्वांत विश्वासार्ह ब्रँड"ची यादी येते ती बहुधा तिथूनच. या पाहणीत तीन वर्षं जुन्या गाड्यांच्या मूळ मालकांना विचारलं जातं आणि दर शंभर गाड्यांमागे किती तक्रारी आल्या ते मोजलं जातं. लेक्सस या यादीत वर्षानुवर्षं वरच्या जागेवर दिसते.

पण इथे दोन गोष्टी लक्षात घ्या. फोन ब्लूटूथला जोडला जात नाही ही एक तक्रार, आणि गिअरबॉक्स बसला हीसुद्धा एकच तक्रार. अलीकडच्या वर्षांत तक्रारींचा मोठा वाटा स्क्रीन, नकाशा, फोनजोडणी याच गोष्टींचा असतो. दुसरं म्हणजे प्रश्न विचारला जातो तो तीन वर्षांच्या गाडीबद्दल. आपण सेकंड हँड बाजारात बघतोय ती गाडी दहा वर्षांची आहे. पहिल्या मालकाला जी गाडी निर्दोष वाटली, तीच चौथ्या मालकाच्या दारात उभी असताना काय करेल, हे ही यादी सांगत नाही.

आणि महागड्या जर्मन गाड्यांच्या बाबतीत हा फरक फार मोठा असतो. युरोपात अशा नव्या गाड्यांचा मोठा हिस्सा कंपन्या आपल्या अधिकाऱ्यांसाठी घेतात किंवा त्या भाडेकरारावर जातात. तीन-चार वर्षांनी गाडी परत, नवी दारात. त्या ग्राहकाला पाचव्या वर्षी काय बिघडेल याची फिकीर नसते. त्याला हवा असतो आराम, नवं तंत्रज्ञान आणि कमीत कमी वेळा सर्व्हिसिंग. माझ्या मते पुढचे बहुतेक बिघाड इथूनच सुरू होतात. गाडी बनवणारा ज्याला खूश ठेवतोय, तो माणूस तुम्ही नाही.

नवं तंत्रज्ञान आधी श्रीमंतांवर तपासलं जातं

चाक लॉक न होऊ देणारी ब्रेक यंत्रणा, म्हणजे एबीएस, मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये १९७८ साली आली. चालकासाठीची एअरबॅग त्याच गाडीत १९८१ साली आली. आज त्या आपल्या अल्टोतही आहेत. एका अर्थी एस-क्लास घेणारा माणूस पुढच्या वीस वर्षांच्या मोटारींसाठी प्रयोगशाळेचं भाडं भरत असतो.

पण प्रयोगशाळेत सगळेच प्रयोग यशस्वी होत नाहीत. २००१ मध्ये मर्सिडीजने एसएल गाडीत आणि पुढच्या वर्षी ई-क्लासमध्ये 'सेन्सोट्रॉनिक' नावाची ब्रेक यंत्रणा आणली. नेहमीच्या गाडीत तुम्ही पेडल दाबता तेव्हा तुमच्या पायाचा जोर तेलामार्फत चाकापर्यंत पोचतो. इथे पेडल फक्त संगणकाला सांगायचं की साहेबांनी ब्रेक मागितलाय. मग एक विजेवर चालणारा पंप प्रत्येक चाकाला स्वतंत्रपणे हवा तेवढा दाब द्यायचा. कल्पना सुंदर होती. पाऊस असेल तर यंत्रणा ब्रेकच्या डिस्कवरचं पाणी अधूनमधून आपणहून पुसून घ्यायची.

अडचण अशी की ही यंत्रणा बंद पडली तर फक्त पुढच्या दोन चाकांना, पायाच्या जोरावर, ब्रेक लागायचा. पेडल खोल जायचं आणि गाडी थांबायला जास्त अंतर लागायचं. मे २००४ मध्ये मर्सिडीजने ६ लाख ८० हजार गाड्या तपासणीला परत बोलावल्या. मार्च २००५ मध्ये आणखी मोठी घोषणा झाली. ब्रेक आणि इतर विद्युत दोषांसाठी तब्बल १३ लाख गाड्या. २००६ साली ई-क्लासची सुधारित आवृत्ती आली तेव्हा ही यंत्रणा गुपचूप काढून टाकून साधे हायड्रॉलिक ब्रेक परत बसवले गेले.

यातला सगळ्यांत मजेशीर भाग पुढे आहे. या पंपाच्या संगणकात एक मोजणी यंत्र होतं. ब्रेक किती वेळा दाबला ते मोजायचं. आकडा सुमारे तीन लाखांच्या घरात गेला, की पंप ठणठणीत असला तरी डॅशबोर्डवर "सर्व्हिस सेंटर गाठा" असा लाल इशारा यायचा आणि पंपाचं अख्खं युनिट बदलावं लागायचं. तीन लाख वेळा ब्रेक दाबायला जर्मनीच्या महामार्गावर किती वर्षं लागत असतील माहीत नाही, अंधेरी-कुर्ला रोडवर फार लागणार नाहीत. पुढे अमेरिकेत कंपनीने या पंपाची वॉरंटी २५ वर्षांपर्यंत वाढवली. ही पिढी भारतातही विकली गेली आहे, आणि आज ती बाजारात मोटारसायकलच्या किमतीच्या आसपास मिळते. का मिळते ते आता कळलं असेल.

हवेवर तरंगणारी गाडी

लक्झरी गाडीचा सगळ्यांत ओळखीचा बिघाड म्हणजे एअर सस्पेन्शन. सोसायटीच्या पार्किंगमध्ये एखादी जुनी एस-क्लास किंवा रेंज रोव्हर एका कोपऱ्यात बसलेली दिसली असेल, म्हैस एका पायावर भार टाकून बसावी तशी. ती पंक्चर नसते. तिच्या सस्पेन्शनमधली हवा गेलेली असते.

साध्या गाडीत चाकावर स्टीलची स्प्रिंग असते. एअर सस्पेन्शनमध्ये तिच्या जागी रबराचा फुगा असतो, एक कंप्रेसर त्यात हवा भरतो आणि सेन्सर गाडीची उंची मोजत राहतात. मर्सिडीजने १९९८ मध्ये आलेल्या एस-क्लासमध्ये 'एअरमॅटिक' आणलं आणि त्या आरामाला तोड नव्हती. पण रबर ते रबरच. आठ-दहा वर्षांत त्याच्या घड्यांना बारीक चिरा पडतात.

इथे बिघाडाचा क्रम समजून घेण्यासारखा आहे. चीर इतकी बारीक असते की दिवसभर काही कळत नाही. रात्रभरात हवा हळूहळू निघते आणि सकाळी गाडी एका बाजूला झुकलेली असते. इंजिन सुरू केलं की कंप्रेसर घुर्रर करत हवा भरतो, गाडी पुन्हा सरळ. मालक म्हणतो, चाललंय की! पण जो कंप्रेसर दिवसातून काही सेकंद चालण्यासाठी बनवलाय तो आता सतत चालतोय. तो तापतो, झिजतो आणि एक दिवस जळतो. म्हणजे एका फुग्याच्या दुरुस्तीची जागा आता फुगा अधिक कंप्रेसर अशी झाली. आणि एक फुगा चिरला असेल तर बाकीचे तीनही त्याच वयाचे असतात. चारही बदलायचे तर अधिकृत सर्व्हिस सेंटरचं बिल काही लाखांत जातं.

म्हणून अशी गाडी बघायला जाताना मालकाला फोन करून "गाडी रात्रभर सुरू करू नका, मी सकाळी लवकर येतो" असं सांगावं. मालक टाळाटाळ करू लागला तर तेही उत्तरच आहे.

छोटासा भाग, पण इंजिन उतरवावं लागतं

बीएमडब्ल्यूचं एन४७ नावाचं दोन लिटरचं डिझेल इंजिन २००७ मध्ये आलं. भारतात रस्त्यावर दिसणाऱ्या त्या काळातल्या ३२०डी आणि ५२०डी या गाड्यांमध्ये हेच इंजिन होतं. ताकद चांगली, मायलेज उत्तम. पण सुरुवातीच्या वर्षांतल्या इंजिनांत टायमिंग चेन आणि तिला धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्या लवकर झिजायच्या.

टायमिंग चेन म्हणजे इंजिनाच्या आतली सायकलच्या चेनसारखी साखळी. पिस्टन वर येण्याची आणि व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ तिच्यामुळे जुळलेली राहते. ती तुटली किंवा दोन दाते सरकली, तर पिस्टन जाऊन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो. मग इंजिनाचा विषय संपलाच म्हणायचा.

चेन झिजणं हा दोष इतर कंपन्यांतही सापडेल. पण बहुतेक इंजिनांत ती पुढच्या बाजूला असते, झाकण काढलं की हाताला येते. एन४७ मध्ये ती मागच्या बाजूला, गिअरबॉक्सला चिकटून आहे. यामागे वेडेपणा नव्हता. त्या टोकाला फ्लायव्हीलचं वजन असल्याने थरथर कमी असते आणि साखळी शांत चालते. गाडी शोरूममधून निघते तेव्हा हा फायदाच. पण साखळी बदलायची वेळ आली, की आधी इंजिन किंवा गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. भाग काही हजारांचा, मजुरी आणि खोलाखोल त्याच्या कितीतरी पट. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, ही म्हण गॅरेजमध्ये तयार झाली नसेल, पण तिथे चपखल बसते.

या प्रकारची उदाहरणं हवी तेवढी आहेत. मर्सिडीजच्या २००४ ते २००७च्या सुमाराच्या व्ही-सिक्स पेट्रोल इंजिनांत बॅलन्स शाफ्टचं एक दातेरी चाक अपेक्षेपेक्षा मऊ निघालं, तेही बदलायला इंजिन बाहेर. बीएमडब्ल्यूने २००८ मध्ये आणलेल्या व्ही-एट इंजिनात टर्बो सिलिंडरच्या दोन रांगांच्या मधोमध बसवले. त्यामुळे ताकद झटकन मिळते, पण सगळी उष्णता एकाच ठिकाणी कोंडते आणि आजूबाजूचं रबर-प्लास्टिक अकाली म्हातारं होतं. जुन्या एस-क्लासमध्ये, म्हणजे १९९१ च्या अवाढव्य पिढीत, एसीची कॉइल लिक झाली तर अख्खा डॅशबोर्ड काढावा लागायचा. कॉइल बदलणारा मेकॅनिक संध्याकाळी उरलेले स्क्रू मोजत बसायचा, असं त्या पिढीबद्दल गमतीने म्हणतात.

"आयुष्यभर बदलू नका" म्हणजे कुणाच्या आयुष्यभर?

आता तेलाची गोष्ट. बीएमडब्ल्यू, जग्वार, ऑडी अशा अनेक गाड्यांचे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स झेडएफ ही जर्मन कंपनी बनवते. गाडीच्या कंपन्या वर्षानुवर्षं सांगत आल्या की या गिअरबॉक्समधलं तेल "लाइफटाइम" आहे, बदलायची गरज नाही. आणि गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः काय सांगते? ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला, किंवा फार तर आठ वर्षांनी तेल बदला.

बनवणारा म्हणतो बदला, विकणारा म्हणतो नको. कारण पुन्हा तेच. भाडेकरारावर गाडी घेणारी कंपनी तीन वर्षांचा खर्च मांडते, त्यात गिअरबॉक्सच्या तेलाचा आकडा नसला की गाडी कागदावर स्वस्त दिसते. तेल तीन वर्षांत खराब होत नाहीच. ते होतं पुढे. एव्हाना गाडी दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे असते. गिअर बदलताना झटका बसू लागतो आणि सर्व्हिस सेंटर सांगतं, गिअरबॉक्सचं कंट्रोल युनिट बदलावं लागेल.

इंजिन ऑइलचंही काहीसं तसंच. युरोपात २५-३० हजार किलोमीटरपर्यंत ऑइल न बदलण्याची मुभा असलेल्या गाड्या आल्या. तिथल्या मोकळ्या, थंड महामार्गांवर ते खपून जातं. हिंजवडीच्या सिग्नलला चाळीस डिग्रीत एसी लावून उभ्या असलेल्या गाडीचं मीटर पुढे सरकत नाही, पण इंजिन चालूच असतं. ऑइल किलोमीटरने म्हातारं होत नाही, तासांनी होतं. टर्बो आणि टायमिंग चेन दोन्ही याच ऑइलवर जगतात.

२०१८ मध्ये कोरियात काय झालं?

डिझेल गाड्यांमध्ये धुरातले विषारी वायू कमी करण्यासाठी थोडा धूर थंड करून पुन्हा इंजिनात सोडतात. त्यासाठी एक कूलर असतो, त्यात कूलंट फिरतं. बीएमडब्ल्यूच्या काही डिझेल गाड्यांत हा कूलर झिरपू लागला. कूलंटमधलं ग्लायकॉल काजळीत मिसळून चिकट थर साचला, आणि तापलेल्या धुराने तो पेटला. २०१८ च्या उन्हाळ्यात दक्षिण कोरियात एकामागून एक गाड्या पेटत गेल्या, वर्षभरात चाळीसहून अधिक. सरकारने तपासणी न झालेल्या गाड्या रस्त्यावर आणायला बंदी घातली. ऑक्टोबरपर्यंत जगभरातल्या एकूण १६ लाख गाड्या परत बोलावण्याची व्याप्ती पोचली.

सेकंड हँड घेणाऱ्याने यातून घ्यायची गोष्ट छोटी आहे. परत बोलावलेल्या गाडीची दुरुस्ती कंपनी फुकट करते, पण मालकाने ती करून घेतलेली असेलच असं नाही. चासी नंबर देऊन अधिकृत डीलरकडे विचारलं की कळतं.

पाणी, पानं आणि उंदीर

आता आपल्याकडे येऊ. जर्मन इंजिनिअरने वाळवंटात आणि बर्फात गाडी तपासलेली असते. पण जुलै महिन्यात गुलमोहराखाली दोन आठवडे उभी केलेली गाडी त्याने पाहिलेली नसते.

सनरूफच्या कडेने एक पन्हळ असते. आत आलेलं पाणी चार कोपऱ्यांतल्या बारीक नळ्यांमधून खाली सोडलं जातं. पानं, फुलांच्या पाकळ्या, धूळ यांनी त्या नळ्या तुंबल्या, की पाणी छताच्या आतून उतरतं आणि कार्पेटखाली साचतं. वरून कार्पेट कोरडं लागतं, कारण खाली जाड फोम असतो. आता लक्झरी गाडीत कार्पेटखाली किंवा डिकीच्या तळाशी काय असतं? दारं, खिडक्या, काच, अलार्म सांभाळणारे संगणकाचे डबे. काही ऑडींत ते पायाखाली असतात, काही बीएमडब्ल्यूंत डिकीच्या खळग्यात. मग एक दिवस डिकी आपोआप उघडते, वायपर मनाने चालू होतात, आणि लोक म्हणतात, गाडीत भूत आहे. भूत कसलं, तुंबलेली नळी आहे. गाडी बघताना डिकीतलं खालचं झाकण उचलून हात फिरवा आणि कार्पेट दाबून वास घ्या. कुबट वास आला तर पुढचं काही बघायची गरज नाही.

उंदरांचं तर विचारूच नका. तळघरातल्या पार्किंगमध्ये बॉनेटखाली ऊब मिळते, वायरिंगचं प्लास्टिक कुरतडायला बरं लागतं. साध्या गाडीत इलेक्ट्रिशियन वायर जोडून टेप गुंडाळतो. इथे कुठली वायर कुठल्या डब्यात जाते हे शोधण्यातच दोन दिवस जातात, आणि अधिकृत सर्व्हिस सेंटर बहुधा जोडकाम करत नाही, अख्खं वायरिंग बदलायला सांगतं. बॉनेटमध्ये तंबाखूच्या पानांची पुडी ठेवणारे काका हसण्यावारी नेऊ नका.

बॅटरीचंही तसंच. बीएमडब्ल्यूसारख्या गाडीत नवी बॅटरी घातली की संगणकाला तसं सांगावं लागतं, नाहीतर तो तिला जुनी समजून चुकीच्या पद्धतीने चार्ज करतो. आणि विजेचा दाब जरा कमी पडला की एकाच वेळी ब्रेक, स्टीअरिंग, सस्पेन्शन असे पाच-सहा दिवे लागतात. घाबरलेल्या मालकाला मोठ्या दुरुस्तीचा आकडा ऐकवला जातो, आणि दोष निघतो बॅटरीचा. म्हणून दिवे लागले की आधी बॅटरी तपासून घ्यावी.

पुराचा विषय वेगळा काढायलाच हवा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतर मुंबईला बुडालेल्या गाड्यांचा अर्थ कळला. पाण्यात इंजिन सुरू ठेवलं किंवा बंद पडल्यावर पुन्हा सेल मारला, तर सिलिंडरमध्ये पाणी जातं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. मग कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या विमा पॉलिसीत हे नुकसान बहुधा नाकारलं जातं, त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट हे वेगळं कव्हर घ्यावं लागतं. आणि बुडालेली गाडी धुऊन-पुसून दुसऱ्या शहरात विकली जाते. सीटचे रूळ आणि सीटबेल्ट पूर्ण ओढल्यावर दिसणारा शेवटचा फूटभर पट्टा, ही दोन ठिकाणं विकणारा सहसा विसरतो. तिथला गंज आणि चिखल खोटं बोलत नाही.

मग लेक्सस का टिकते?

१९८३ मध्ये टोयोटाचे प्रमुख एजी टोयोडा यांनी आपल्या लोकांना जगातल्या उत्तम गाडीला टक्कर देणारी गाडी बनवायला सांगितलं. साडेचारशेच्या आसपास प्रोटोटाइप बनवून १९८९ मध्ये लेक्सस एलएस ४०० बाजारात आली. काही महिन्यांतच तिच्यातही दोष निघाला. ब्रेकलाइटचं वायरिंग आणि क्रूझ कंट्रोल. विकलेल्या सुमारे आठ हजार गाड्या होत्या. कंपनीने माणसं मालकांच्या घरी पाठवली, गाड्या नेल्या, दुरुस्त केल्या आणि धुऊन परत आणून दिल्या. लेक्ससचं नाव झालं ते या प्रसंगाने.

टिकाऊपणाचं गुपित मात्र फारसं रोमांचक नाही. लेक्सस जुनी, पारखलेली यंत्रं वर्षानुवर्षं वापरते. जीएक्स ४६० या गाडीत एकच ४.६ लिटरचं व्ही-एट इंजिन २००९ ते २०२३ पर्यंत चाललं. टर्बो नाही, चमत्कार नाहीत, पेट्रोल भरपूर पिणार. परीक्षक दरवर्षी "जुनाट" म्हणून नाकं मुरडायचे. चौदा वर्षांत त्या इंजिनातली प्रत्येक खोड मात्र कंपनीला पाठ झाली होती. आणि टोयोटाने मोठ्या गाड्यांसाठी नवं दुहेरी टर्बोचं व्ही-सिक्स आणलं, तेव्हा २०२४ मध्ये तिलाही टुंड्रा आणि लेक्सस एलएक्स मिळून सुमारे एक लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. कारखान्यातल्या कामाचा धातूचा कचरा इंजिनात राहिल्याने. जर्मन असो की जपानी, नवं यंत्र सुरुवातीला त्रास देतंच. फरक एवढाच की जर्मन कंपनी दर पाच-सात वर्षांनी नवं यंत्र आणते.

पैशांचा हिशोब

मर्सिडीजने भारतात सुरुवात केली ती पुण्यातच, १९९५ मध्ये, टेल्कोच्या पिंपरीतल्या आवारात. आज चाकणला तिचा मोठा कारखाना आहे. ऑडीची जोडणी छत्रपती संभाजीनगरला, जग्वार लँड रोव्हरची पुण्यात होते. तरीही सुटे भाग स्वस्त होत नाहीत, कारण यातल्या बऱ्याच गाड्या इथे जोडल्या जातात, पूर्ण बनवल्या जात नाहीत. महत्त्वाचा भाग युरोपातून येतो आणि युरोच्या भावाने येतो. गाडीची किंमत दहा वर्षांत पाचवा हिस्सा झाली म्हणून हेडलाइटची होत नाही. नव्या पद्धतीचा एक हेडलाइट बदलायचा तर आकडा लाखाच्या पुढे जातो.

विम्याचाही भ्रम नको. विमा अपघाताचा असतो, झिजण्याचा नाही. टायमिंग चेन, एअर सस्पेन्शन, गिअरबॉक्स आपोआप बिघडले तर पॉलिसी एक रुपया देत नाही. अपघातातही साध्या पॉलिसीत रबर, नायलॉन आणि प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो, आणि या गाड्यांचं अर्धं तोंड प्लास्टिकचं असतं. घसारा न कापणारं कव्हर बऱ्याच कंपन्या पाच वर्षांच्या पुढच्या गाडीला देत नाहीत. म्हणजे गरज सुरू होते तेव्हा छत्री काढून घेतली जाते.

त्यात दिल्ली पासिंगच्या गाड्या. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून चकाचक दिसणाऱ्या डिझेल लक्झरी गाड्या स्वस्तात इतर राज्यांत येऊ लागल्या. किंमत पाहून भुलण्याआधी एनओसी, महाराष्ट्राचा रोड टॅक्स आणि नवं पासिंग यांचा खर्च आरटीओच्या एजंटकडून लिहून घ्यावा.

घ्यायचीच असेल तर?

घेऊ नका असं कुणाला सांगण्यात अर्थ नाही, आणि तसं कारणही नाही. नीट सांभाळलेली जुनी ई-क्लास चालवण्यात जी मजा आहे ती नव्या क्रेटात नाही, हे मान्य करू. पण मग निवड आकर्षक फोटोवरून नको. एकाच मॉडेलमध्ये साध्या स्प्रिंगची गाडी मिळत असेल तर एअर सस्पेन्शनची घेऊ नका. सनरूफ, तापणाऱ्या-थंड होणाऱ्या सीट, आपोआप लागणारी दारं यांतलं जेवढं कमी तेवढं बरं. सगळ्यांत वरचं मॉडेल स्वस्तात मिळतं कारण त्यात बिघडायला सगळ्यांत जास्त गोष्टी असतात. पिढीच्या पहिल्या वर्षाची गाडी टाळून शेवटच्या दोन वर्षांतली शोधा, तोवर कंपनीने आपल्या चुका दुरुस्त केलेल्या असतात.

गाडी थंड असताना सुरू करून मागून येणारा खडखडाट ऐका. चार टायर चार वेगळ्या कंपन्यांचे असतील तर मालकाने इतरत्रही हात आखडलाय असं समजा. त्या ब्रँडचा स्कॅनर असलेल्या, विकणाऱ्याशी संबंध नसलेल्या गॅरेजमध्ये गाडी नेऊन तपासा. काही हजार जातील. आणि गाडी घेण्याआधी तुमच्या शहरात असा एक चांगला स्वतंत्र मेकॅनिक शोधून ठेवा. तो नसेल, आणि जवळचं सर्व्हिस सेंटर दोनशे किलोमीटरवर असेल, तर सांगली-लातूरकडच्या माणसाला टोइंगचं भाडंही हिशोबात धरावं लागेल.

आता शेवटचा आकडा. गाडीसाठी बारा लाख बाजूला काढले असतील तर गाडी नऊ लाखांची बघा आणि तीन लाख बँकेत तसेच राहू द्या. दोन वर्षं ते लागले नाहीत, तर ती गाडी खरंच चांगली निघाली.